बोल्ट बसले म्हणजे हेड बसलं असं नाही: छोट्या गाड्यांचं हेड आणि इंजिन बदलताना

होटगीकडून रोज पहाटे सोलापुरात दूध घालायला येणारे एक काका मागच्या उन्हाळ्यात माझ्या गॅरेजवर आले. गाडी जुनी स्प्लेंडर, मागं दोन्ही अंगाला कॅन. हेडमधून (सिलिंडरवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात) खडखड आवाज आणि चढाला दम नाही. म्हणाले, "मिस्त्री, दोन महिने झाले, हेड बदललंय की. बोल्ट सगळे बसलेत, मग का ओढंना?"

उघडलं तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) खरवडून निळा पडलेला, रॉकरच्या (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे हात) टोकांना खड्डे. हेड चांगलंच होतं. चूक होती हेड आणि ब्लॉकच्या, म्हणजे खालच्या सिलिंडरच्या, मधल्या पॅकिंगमध्ये. ज्याने हेड चढवलं होतं त्याने पॅकिंग शीटमधून हाताने कापलं होतं. या इंजिनात एका स्टडच्या भोवतीच्या मोकळ्या जागेतून तेल वर कॅमपर्यंत चढतं. कापणाऱ्याने ते भोक स्टडाएवढंच ठेवलं, तेलाची वाट जवळजवळ बुजली आणि कॅम दोन महिने अर्ध्या तहानेवर फिरला. बोल्ट खरंच सगळे बसले होते.

हेड किंवा अख्खं इंजिन एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेणं हे आपल्याकडे नेहमीचं काम आहे. कारखान्यावर जाणारे, लूमवरचे, शेतीवाले लोक गाडी पंधरा-पंधरा वर्षं वापरतात. चेसिस ठणठणीत असते आणि इंजिन थकलेलं असतं. अशा वेळी चांगलं हेड किंवा इंजिन बसवून गाडी पुन्हा उभी करणं हे मला मनापासून पटतं. पण ते मोजून करायचं काम आहे. पुढं जे लिहितो आहे ते त्याच क्रमाने आहे, ज्या क्रमाने मी स्वतः करतो.

आधी ठरवा, बदलायचं काय

गाडी ओढत नाही म्हटलं की लोक थेट इंजिन शोधायला लागतात. थांबा. सकाळी पहिल्या किकला किंवा उतारावरून ॲक्सिलरेटर सोडून येताना निळा धूर येत असेल आणि मग थांबत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचं ऑइल सील गेलेलं असतं. ते हेडचं काम, आणि तेही हेड न बदलता होतं. धूर ॲक्सिलरेटर पिळताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली नळी). खालून ठक-ठक आवाज येत असेल आणि मॅग्नेटचा फ्लायव्हील हाताने वर-खाली हलत असेल तर क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) किंवा त्याचं बेअरिंग. इथे खाली हात घालावाच लागतो, आणि अख्ख्या इंजिनाचा विचार करायला जागा आहे.

नुसत्या प्लगच्या आट्या गेल्या असतील तर हेड टाकून देऊ नका. लेथवाल्याकडे स्टीलची बुश टाकून नव्या आट्या पाडून मिळतात. स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनात प्लगची आटी १० मिमीची असते, बारीक, आणि वाकडा प्लग जोराने पिळला की ती जाते. म्हणून प्लग आधी हाताने तीन-चार आटे चढवायचा, पाना नंतर.

कॉम्प्रेशन टेस्टर (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) असेल तर मोजा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन किक मारा आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गळतात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह गळतात. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात तेल एका बाजूलाच साचतं, त्यामुळे तिथे ही परीक्षा थोडी फसवी आहे. तेल टाकल्यावर प्लग काढलेला ठेवून आधी चार किका हळू मारून ते पसरू द्या.

कागद

हे मी मुद्दाम मोजमापाच्याही आधी लिहितो आहे. इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनाचा खालचा मुख्य सांगाडा) असतो. म्हणजे त्याच मॉडेलचं हेड, ब्लॉक, पिस्टन बदलला तर आरसीवरची एकही नोंद बदलत नाही. ती दुरुस्ती झाली. क्रँककेस बदलली की इंजिन नंबर बदलतो, आणि मग मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ वर्णनापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

म्हणून आपल्या एमएच-१३ च्या गाडीत इंजिन बदलायचं तर त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, तितक्याच सीसीचं घ्या. आधी आरटीओकडे लेखी अर्ज करा, परवानगी घ्या, बसवा, तपासणी करून नवा नंबर आरसीवर चढवून घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही तर दाव्याच्या वेळी घरच्यांना फार त्रास होतो. १०० सीसीच्या गाडीत १५० चं इंजिन घालून रस्त्यावर फिरवायचं असेल तर हा लेख त्या कामासाठी नाही. तशी गाडी मी घेत नाही. तिचे ड्रम ब्रेक आणि चेसिस त्या वेगासाठी केलेले नसतात.

भंगारातून इंजिन घेताना विकणाऱ्याकडून मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि पावती घ्या. नंबर घासलेला, ठोकून पुन्हा मारलेला किंवा वेल्डिंगने झाकलेला दिसला तर भाव कितीही उतरवला तरी हात लावू नका.

नावावर जाऊ नका

टाकीवरचं नाव सारखं म्हणून इंजिन सारखं, या समजुतीने सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. उदाहरण घ्या. सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन प्लस, एचएफ डीलक्स या सगळ्या होंडाच्या एकाच आडव्या इंजिनाच्या भावकीतल्या. बोअर ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५ मिमी, ९७.२ सीसी. सुपर स्प्लेंडरच्या नावातही स्प्लेंडर आहे, पण तिचं इंजिन ५२.४ बाय ५७.८, म्हणजे १२४.७ सीसी, आणि ते आडवं नाही. दोन्हींचं एकमेकांशी काही जुळत नाही.

बजाजकडेही तेच. जुन्या सीटी १०० आणि प्लॅटिना ५३ बाय ४५, ९९.२७ सीसी. नंतरची प्लॅटिना ४७ बाय ५८.८, १०२ सीसी. नाव प्लॅटिना, गाड्या दोन्ही शंभरातल्या, पण एक आखूड स्ट्रोकची आणि दुसरी लांब स्ट्रोकची. एकीचं हेड दुसरीवर ठेवून पाहिलं तर ५३ च्या बोअरवर ४७ साठी केलेलं हेड येतं. हे डोळ्यांनाही कळतं, पण दुकानात घाईत कुणी ठेवून बघत नाही.

आणि ९७.२ च्या भावकीतही पोटभेद आहेत. किकवाल्या क्रँककेसमध्ये सेल्फच्या मोटारला जागाच नसते. या भावकीतल्या १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या इंजेक्शनच्या आहेत. इंजेक्शनचं इंजिन कार्बोरेटरच्या गाडीत घालायचं म्हटलं तर ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर), सेन्सर, टाकीतला पंप, अख्खं वायरिंग सोबत न्यावं लागतं. घरगुती कामात ते करू नये.

मोजमाप: इथे वेळ घाला

हेड दुसऱ्या ब्लॉकवर चालेल की नाही हे पाहायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे तुमच्या गाडीच्या हेडचं नवीन पॅकिंग विकत घेणं. जुनं हेड आणायच्या आधी ते पॅकिंग खिशात घालून जा आणि दुकानातल्या हेडवर ठेवा. स्टडची चारही भोकं, डॉवेल पिनांच्या (हेड नेमक्या जागी धरणाऱ्या) जागा, टायमिंग चेनची खिडकी, तेलाची वाट आणि जळणाच्या खोलीचा (हेडमधला पेट्रोल जळतं तो खड्डा) गोल काठ, या पाचही गोष्टी एकाच वेळी दिसतात. खोलीचा काठ पॅकिंगच्या कड्याच्या आत किंवा बरोबरीने असला पाहिजे. पॅकिंग आत डोकावत असेल तर ते तापून जळेल, आणि हेड फार आत डोकावत असेल तर पिस्टन त्याला भिडू शकतो.

स्टडमधलं अंतर वर्निअरने मोजताना मधोमध अंदाज धरू नका. एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. आडवं, उभं आणि तिरकं, तिन्ही अंतरं घ्या. अर्धा मिलिमीटर फरक असेल तर हेड ठोकून बसतं, पण तापल्यावर स्टड वाकतात.

मग कॅमच्या चकतीचे दात आणि चेनच्या कड्या मोजा. दोन्ही हेडची उंची सारखी नसेल तर चेन एकतर अपुरी पडते किंवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) शेवटपर्यंत जाऊनही सैल राहते. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि हेडमधली नळी) दोन बोल्टमधलं अंतर आणि सायलेन्सरच्या बेंड पाईपचे स्टड बघा. इथे फरक असला तर तो सोडवता येतो, म्हणून हे शेवटी.

आता खरी गोष्ट: जळणाच्या खोलीचं आकारमान. याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग "हेड मोठं घातलं तरी गाडी मेली" असं म्हणत येतात.

९७.२ सीसीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन समजा ९ ला १ आहे, म्हणजे पिस्टन खाली असतानाची सगळी जागा वर असताना उरलेल्या जागेच्या नऊ पट. म्हणजे पिस्टन वर टोकाला असताना उरलेली जागा ९७.२ भागिले ८, म्हणजे १२.१५ सीसी. आता त्यावर २ सीसी मोठ्या खोलीचं हेड घातलं तर जागा १४.१५ होते आणि कॉम्प्रेशन जेमतेम ७.९ वर येतं. गाडी मेल्यासारखी चालते आणि पेट्रोलही जास्त पिते. उलट २ सीसी लहान खोलीचं हेड घातलं तर १०.१५ सीसी उरतात आणि कॉम्प्रेशन साडेदहाच्या पुढे जातं. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना, डबलसीट तुळजापूरचा घाट चढताना ते इंजिन ठोके द्यायला लागेल. डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर पडणारे घाव आहेत.

हाच हिशोब शाइन आणि युनिकॉर्नला लावून बघा, कारण तरुण पोरं ही जोडी हमखास विचारतात. जुन्या १२४.७ सीसीच्या शाइनचा आणि १४९ सीसीच्या युनिकॉर्नचा स्ट्रोक ५७.८. शाइनचा बोअर ५२.४, युनिकॉर्नचा ५७.३. कॉम्प्रेशन दोघींचं ९ धरलं तर १४९ सीसीच्या हेडमध्ये साडेअठरा सीसीच्या वर जागा असते. ते १२४.७ सीसीच्या ब्लॉकवर ठेवलं तर कॉम्प्रेशन ७.७ वर येतं. शिवाय व्हॉल्व्ह आणि खोली बोअरच्या बाहेर जातात. स्टडचं अंतर जुळलं असतं तरीही ही जोडी वाईटच ठरली असती.

खोली मोजायची कशी? मेडिकलमधून २० मिलिलिटरची सिरिंज आणा. पारदर्शक ॲक्रिलिकचा जाड तुकडा घ्या, त्यात मध्ये ५ मिमीचं भोक पाडा. हेडला व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, तोंड वर करून पाणपातळीत सपाट ठेवा, काठाला ग्रीसची बारीक रेघ ओढा आणि तुकडा दाबून बसवा. भोकातून रॉकेल सोडत जा. शेवटचा बुडबुडा भोकातून बाहेर पडला की थांबा. किती मिलिलिटर गेलं ते तुमच्या हेडचं आकारमान. दोनदा मोजा, दोन्ही आकड्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी गळतंय.

एवढ्याने भागत नाही. पिस्टन वर टोकाला असताना ब्लॉकच्या काठापासून खाली राहत असेल तर तिथलीही जागा याच पद्धतीने मोजा, पिस्टनच्या कडेला ग्रीस भरून. मग पॅकिंगची जागा. ५० मिमी बोअरचं क्षेत्रफळ १९.६३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाबलेलं पॅकिंग अर्धा मिलिमीटर असेल तर जवळजवळ १ सीसी. जाडी नव्या पॅकिंगची धरू नका, काढलेल्या दाबलेल्या पॅकिंगची मोजा. तिन्ही मिळवा, कॉम्प्रेशन काढा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. अर्ध्या-पाऊण अंकाचा फरक असेल तर मी बसवतो, त्याहून जास्त असेल तर ते हेड परत देतो.

बोअर केलेल्या ब्लॉकची काळजी फार करू नका. ५० चा बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला तर सीसी ९९.१५ होते आणि कॉम्प्रेशन ९ वरून ९.१६ वर जातं. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० च्या मापात मिळतात, १.०० झालेला ब्लॉक असेल तर पुढे स्लीव्हचाच (बोअरमधली नवी नळी) खर्च आहे हे धरून भाव करा.

जुनं हेड घेताना

सरळ स्टीलची पट्टी हेडच्या सपाट तोंडावर तिरकी ठेवा आणि खालून फीलर गेजचं ०.०५ चं पान सरकवून बघा. आत गेलं तर हेड वाकलंय. लेथवर प्लेन करून मिळतं, पण जितकं घासाल तितकं कॉम्प्रेशन वाढतं आणि कॅम क्रँकच्या जवळ आल्यामुळे व्हॉल्व्ह थोडे उशिरा उघडायला लागतात. नुसतं पुसण्याएवढं घासावं.

दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीवर आणि प्लगच्या भोकाकडे जाणाऱ्या रेषेवर तडा शोधा. रॉकेल लावून पुसा, वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर थोड्या वेळाने ओली रेघ उमटते. कॅम जिथे फिरतो ती जागा बोटाने चाचपा. तिथे ओरखडे नखाला लागत असतील तर ते हेड घेऊ नका, बाकी कितीही चकाचक असो. सायलेन्सरचे स्टड आत तुटले असतील तर ते काढायची मजुरी भावातून वजा करा.

व्हॉल्व्ह धरतात का हे दुकानातच कळतं: पोर्टमध्ये (व्हॉल्व्हच्या मागची हवा-धुराची वाट) थोडं पेट्रोल ओता आणि खोलीच्या बाजूने बघा. भरभर पाझरलं तर व्हॉल्व्ह घासून बसवावे लागतील. घासताना दोन्ही तोंडांवर सलग, एकसारखी करडी रेघ आली पाहिजे. पेस्ट रॉकेलने, मग पेट्रोलने धुवा, मग परत एकदा धुवा. राहिलेला कण थेट बोअरमध्ये जातो. ऑइल सील मात्र नवीनच.

काढणं आणि बसवणं

पहाटे करा. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली बारीक फट) थंड इंजिनावर, ३५ अंशांच्या खाली, बसवायचा असं होंडाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी न चालवताही इंजिन त्याच्या वर असतं. रात्रभर सावलीत उभी ठेवलेली गाडी सकाळी सहाला उघडणं हा उन्हाळ्यातला एकच बरोबर वेळ.

बॅटरीची वायर काढा, तेल सोडा, कार्बोरेटर आणि बेंड पाईप उतरवा. काही गाड्यांत इंजिन चेसिसवर असतानाच हेड निघतं, काहींत दांडा आड येतो; ओढाताण करण्यापेक्षा इंजिन खाली घेतलेलं बरं. हेड खोलायच्या आधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. फ्लायव्हील डाव्या बाजूने बघताना घड्याळाच्या उलट फिरवा, त्यावरची 'टी' खूण क्रँककेसच्या खुणेसमोर आणा आणि दोन्ही रॉकर हाताने हलतात का पाहा. हलत नसतील तर ती एक्झॉस्टची वेळ आहे; अजून एक फेरा द्या.

टेन्शनर सैल करा, कॅमची चकती सोडा आणि चेनला लगेच तार बांधून वर अडकवा. ही तार विसरली की चेन खाली क्रँककेसमध्ये पडते आणि मॅग्नेट उघडावा लागतो. हेडचे नट समोरासमोर, थोडे-थोडे, तीन फेऱ्यांत सैल करा. हेड चिकटलं असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावरून हळू ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेलं तोंड पुन्हा कधी सील होत नाही.

बसवण्याआधी एक परीक्षा, जी मी दुसऱ्या गाडीचं हेड असेल तेव्हा कधीच सोडत नाही. पोरांच्या खेळण्यातली रंगीत माती पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह येतात त्या दोन जागी चिकटवा, वर तेलाचा हात फिरवा. हेड, जुनं पॅकिंग, चेन, सगळं नीट बसवून क्रँक हाताने, अगदी सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर लावू नका. हेड परत काढा आणि माती जिथे सगळ्यात पातळ झाली तिथे कापून मोजा. इनटेकला दीड मिमी आणि एक्झॉस्टला दोन मिमी जागा असावी, असा माझा हिशोब आहे.

आता शेवटची जोडणी. ब्लॉकचं आणि हेडचं तोंड पूर्ण कोरडं आणि तेलमुक्त, डॉवेल पिना जागेवर, पॅकिंग नवीन आणि कंपनीचं. ज्या स्टडवरून तेल चढतं त्याला तांब्याचं वॉशर आणि आंधळा नट. ते वॉशर दुसऱ्या स्टडला गेलं तर तेलाच्या स्टडवरून तेल पाझरत राहतं. काढतानाच कुठल्या स्टडला काय होतं याचा फोटो मोबाइलवर घेऊन ठेवा. नट पुन्हा समोरासमोर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. ६ मिमीच्या साध्या बोल्टना १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतं. ॲल्युमिनियममधल्या आट्या याहून जास्त सहन करत नाहीत.

टायमिंग: फ्लायव्हीलवर 'टी', कॅमच्या चकतीवरची 'ओ' खूण हेडवरच्या खाचेसमोर. टेन्शनर लावल्यावर दोन फेरे फिरवून खुणा परत तपासा. एक दात सरकला असेल तर तो टेन्शनर लावल्यावरच दिसतो.

अख्खं इंजिन चढवताना

त्याच मॉडेलचं इंजिन असेल तर काम सोपं आहे, तरी चार गोष्टी मी दर वेळी बघतो. फाउंडेशन बोल्ट (इंजिन चेसिसला धरणारे) हाताने सरकून गेले पाहिजेत. एखादा बोल्ट हातोड्याने घालावा लागला तर चेसिस वाकलेली आहे किंवा इंजिनाचा कान. चेसिसवर कान कापणं किंवा वेल्ड करणं पूर्ण वर्ज्य. सगळे बोल्ट आधी सैल घाला, मग एकेक घट्ट करा.

दुसरं, वायरिंग. मॅग्नेट, सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारा डबा) आणि रेग्युलेटर ही एकाच घरातली भावंडं आहेत, त्यांची ताटातूट करू नका. एसी सीडीआयला मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलवरून वीज जाते, डीसी सीडीआय बॅटरीवर चालतो. नुसता सॉकेट बसला म्हणून जोडलं तर सीडीआय जळतो. नव्या इंजिनावर तुमच्या जुन्या गाडीचा अख्खा मॅग्नेट चढत असेल तर तो सगळ्यात सोपा मार्ग.

तिसरं, चेनची रेघ. मागच्या चकतीपासून पुढच्या चकतीपर्यंत सुतळी ताणून बघा. तिरकी असेल तर चेन आवाज करेल आणि चकत्या खाईल. पुढच्या चकतीचे दात जुन्या इंजिनाइतकेच आहेत का तेही मोजा. चौथं, किक खाली येताना फूटरेस्टला आणि बेंड पाईपला लागत नाही ना.

पहिली किक

तेल भरा. स्प्लेंडरसाठी ९०० मिलिलिटरचा डबा मिळतो, पण शेवटी काडीवरच्या खुणेवर विश्वास ठेवा. प्लग काढून वीस-पंचवीस किका मारा, म्हणजे तेल वर चढायला सुरुवात होईल. मग प्लग लावून गाडी चालू करा, ॲक्सिलरेटर न वाढवता, आणि टॅपेटचं एक झाकण उघडून आत बघा. मिनिटभरात रॉकर ओले चमकले पाहिजेत. नाही चमकले तर गाडी लगेच बंद करा. दूधवाल्या काकांच्या गाडीवर कुणी हे झाकण एकदा उघडलं असतं तर कॅम वाचला असता. त्यांच्या हेडला मी दुसरा कॅम आणि रॉकर घातले, पॅकिंग कंपनीचं लावलं आणि झाकण उघडून तेल त्यांनाच दाखवलं.

त्यानंतर सकाळच्या गारव्यात पंधरा-वीस किलोमीटर, एकाच वेगाने नाही, कमी-जास्त करत. तुळजापूर रोडला हे बरं जमतं. परत आल्यावर गाडी पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. नवीन पॅकिंग बसतं आणि टॅपेट थोडा बदलतो. प्लग काढून बघा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढरा पडला असेल तर आधी मॅनिफोल्डमधून हवा खेचते का ते बघा, त्यानंतर जेटला हात घाला. काळा कोरडा असेल तर पेट्रोल जास्त आहे.

५०० किलोमीटरला पहिलं तेल बदला आणि ते पांढऱ्या कापडातून गाळा. बारीक चंदेरी चकाकी असेल तर ती नव्या भागांची घासणी आहे. नखाला लागेल असा तुकडा किंवा तांबूस पत्री दिसली तर गाडी चालवू नका, त्याच दिवशी उघडा.